वर्षावासातलं ग्रंथवाचन कसं करावं

आमच्या वस्तीतल्या विहारात मी पहिल्यांदा वर्षावासाच्या (आषाढ ते अश्विन पौर्णिमेच्या) वाचनाची जबाबदारी घेतली, त्या वर्षी आम्ही बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. अश्विन पौर्णिमेला खीर झाली, भोजनदान झालं, सगळे खुशीत होते. पंगत उठल्यावर रोज न चुकता येणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, सिद्धार्थानं घर सोडलं ते प्रेत बघूनच ना?"

ज्या समजुतीवर बाबासाहेबांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रश्नचिन्ह लावलं, तीच समजूत तीन महिन्यांनंतर जशीच्या तशी शिल्लक होती. चूक आजींची नव्हती. आम्ही वाचत होतो, त्या ऐकत होत्या, पण मध्ये कुणी थांबून "समजलं का?" असं विचारलंच नव्हतं. आम्ही वाचन केलं नव्हतं, पारायण केलं होतं. तेव्हापासून दरवर्षी थोडं थोडं बदलत आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे सांगते. तुमच्या विहारात चाळीस माणसं येत असोत की सात, ती चालेल.

आधी, वर्षावास म्हणजे काय ते सगळ्यांना सांगा

पहिल्याच संध्याकाळी हे सांगावं, कारण बऱ्याच जणांना वर्षावास म्हणजे 'आपला श्रावण' एवढंच वाटतं. भिक्खू पावसाळ्यातही फिरत राहायचे. कोवळं गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायाखाली तुडवले जातात, अशी तक्रार लोकांनी केली. ती तक्रार रास्त मानून तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, अशी हकीकत भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात आहे. मला या हकीकतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते: नियम लोकांच्या बोलण्यातून आला. भिक्खू एका जागी राहिले की आसपासच्या उपासक-उपासिकांना रोज धम्म ऐकायला मिळायचा. आपल्या बहुतेक वस्त्यांतल्या विहारांत मुक्कामी भिक्खू नसतात. त्या जागी आपण ग्रंथ ठेवतो.

हा ग्रंथ छापलेला बघायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. हेही पहिल्या दिवशी सांगा. सभागृहात कशी शांतता पसरते ते बघा.

तयारी वैशाख पौर्णिमेनंतर लगेच

बुद्ध जयंतीचा मंडप उतरला की आठ-दहा दिवसांत बैठक घ्या. आषाढ पौर्णिमा अजून दीड-पावणेदोन महिने दूर असते, तरी तेवढा वेळ लागतोच. बैठकीत महिला मंडळ हवंच, कारण रोज येणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असते आणि वेळ त्यांच्या सोयीनं ठरली नाही तर वाचन रिकाम्या सतरंजीपुढे होतं. आमच्याकडे आधी सात ही वेळ होती. धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करून येणाऱ्या बायका साडेसातला घरी पोचतात, ही साधी गोष्ट समितीतल्या पुरुषांच्या लक्षात आली नव्हती. आता आठ ते नऊ ठेवतो. गावाकडे लावणी-खुरपणीच्या दिवसांत साडेआठही चालेल. मात्र संपायची वेळ पक्की ठेवा. नऊ म्हणजे नऊ. माणसं उशिरा सुरू होणारा कार्यक्रम सोसतात, पण कधी संपेल ते माहीत नसलेल्या कार्यक्रमाला दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

आता हिशेब. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हे तीन चांद्र महिने, म्हणजे साधारण ८९ दिवस. त्यातले बारा रविवार वाचनाला धरू नका, ते प्रश्नांसाठी ठेवा. सात दिवस जोराचा पाऊस, वस्तीतलं दुःखद निधन, वीज जाणं यांसाठी सोडा. उरल्या ७० संध्याकाळी. तुमच्या प्रतीत समजा ४९० पानं असतील, तर रोज सात पानं. मोठ्यानं, सावकाश वाचलं तर एका पानाला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. म्हणजे वाचन पंचवीस मिनिटांत आटोपतं. हिशेब वहीवर मांडा, पण तारीखवार वेळापत्रक करताना प्रकरणाच्या मधे तोडू नका. जिथे प्रकरण संपतं तिथेच थांबा, मग ती पाच पानं होवोत की नऊ.

ज्या वर्षी मधे अधिक महिना येतो त्या वर्षी आषाढी ते अश्विनी हे अंतर जवळपास चार महिन्यांचं होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता तेव्हा तसं झालं. अशा वर्षी वाचन लांबवायचं की शेवटी सुत्तवाचनाचे (बुद्धवचनांच्या वाचनाचे) जादा दिवस ठेवायचे, हे बैठकीतच ठरवा. ऐनवेळी ठरवायला गेलं की वाद होतात.

प्रतींबद्दल एक अडचण सगळीकडे येते. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी, तिसरा मोबाईलवर वाचतो. "एकशे बारा पान काढा" म्हटलं की निम्मे लोक हरवतात. पान क्रमांक सोडून द्या. बाबासाहेबांनी ग्रंथाची मांडणीच अशी केली आहे की आठ खंड, खंडांत भाग, भागांत प्रकरणं आणि आत क्रमांक दिलेली छोटी छोटी वाक्यं किंवा परिच्छेद आहेत. फळ्यावर "खंड १, भाग १, प्रकरण अमुक" असं लिहिलं की कुठलीही प्रत चालते. चर्चेतही "नववं वाक्य परत वाचा" असं सांगता येतं. ग्रंथ सामुदायिक वाचनाला किती सोयीचा लिहिला आहे ते तेव्हा कळतं.

एका संध्याकाळचा तास

पहिली दहा मिनिटं वंदनेची. प्रतिमांना फुलं वाहून, मेणबत्ती-अगरबत्ती लावून त्रिसरण, पंचशील, मग बुद्ध, धम्म, संघ वंदना. रोज सगळ्या गाथा म्हणत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो. पुष्पपूजेसह सर्व गाथा पौर्णिमेला आणि रविवारी घ्या. आणि पंचशील पालीत म्हटल्यावर त्यातल्या एकाच शीलाचा मराठी अर्थ रोज एक मूल सांगेल, असं करा. पाच दिवसांत पाच होतात, सहाव्या दिवशी पुन्हा पहिलं. महिनाभरानं मुलांना अर्थ पाठ नाही, माहीत झालेला असतो.

नंतरची पाच मिनिटं माझ्या लेखी सगळ्या तासात महत्त्वाची. काल काय वाचलं ते एकानं आपल्या शब्दांत सांगायचं. हे काम वाचता न येणाऱ्यांना द्या. त्या आजी आता आमच्याकडे 'कालचं' सांगतात. सुरुवातीला "मला अडाणीला काय येतंय" म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मी त्यांना सांगितलं की बहुतेक सुत्तांची सुरुवात 'एवं मे सुतं' अशी होते, म्हणजे 'मी असं ऐकलं आहे'. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात भिक्खूंची पहिली संगीती (सभा) भरली तेव्हा त्यांचे शिष्य आनंद यांनी सुत्तं सांगितली ती ऐकलेलं आठवूनच. वाचलेल्यापेक्षा ऐकलेल्याचा मान आपल्या परंपरेत कमी नाही. ज्या दिवशी 'कालचं' सांगणाऱ्याला काही आठवत नाही, त्या दिवशी पुढे जाऊ नका, कालचाच भाग पुन्हा वाचा. राखून ठेवलेले सात दिवस त्यासाठीही आहेत.

मग वाचन. रोज दोन वाचक, एक सराईत आणि एक नवशिका. नवशिक्यानं एकच पान वाचावं, पण ते आदल्या दिवशी घरी दोनदा वाचून यावं. अडखळला तर मधून कुणी शब्द सुचवायचा नाही. शेजारी बसलेल्या सराईत वाचकानं बोटानं दाखवावं. आमच्याकडे दहावी नापास झालेला एक मुलगा पहिल्या वर्षी घामाघूम होऊन अर्धं पान वाचायचा. तिसऱ्या वर्षी तोच यादी लावत होता. वाचणाऱ्याचा वेग ऐकणाऱ्याच्या मनाच्या वेगाएवढा हवा. भाषण देण्याचा आवाज काढू नये, आणि पोथीसारखा सूरही लावू नये. माईकची गरज पन्नास माणसांपर्यंत पडत नाही. माईक आला की माणसं लांब लांब बसतात.

शेवटची पंधरा मिनिटं बोलण्याची. इथे संचालन करणाऱ्यानं भाषण केलं की संपलं. "काही शंका?" असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी शांतताच येतं. नेमका प्रश्न विचारा. शेवटी 'सब्ब पापस्स अकरणं' आणि सरणत्तय या गाथा घेऊन उठायचं.

कोणत्या खंडाशी कसं वागायचं

पुष्कळ ठिकाणी ग्रंथाची सुरुवातीची प्रस्तावना सोडून थेट पहिल्या खंडापासून वाचतात. तसं करू नका. त्या थोड्या पानांत बाबासाहेबांनी चार अडचणी समोर ठेवल्या आहेत: सिद्धार्थानं परिव्रज्या का घेतली (घर का सोडलं), चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे मानायचे, आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजसेवेसाठी? वाचकांनी स्वतः विचार करून या प्रश्नांच्या उकलीत भर घालावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. हे चार प्रश्न मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. तीन महिने ते तिथेच राहू द्या. ज्या दिवशी एखाद्याचं उत्तर सापडतं त्या दिवशी खाली तारीख टाका.

पहिल्या खंडाला मी ठरवून जास्त दिवस देते. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या माणसानं एकही म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिला नव्हता, हे पटतं का, असं बाबासाहेब विचारतात आणि मग रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा सांगतात. सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद. युद्धाचा ठराव आला तेव्हा त्यानं विरोध केला, पण बहुमत विरोधात गेलं. पुढे त्याच्यासमोर वाटा उरल्या त्या अशा: सैन्यात जा, नाहीतर देहदंड किंवा देशत्याग पत्कर, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त. त्यानं परिव्राजक होऊन देश सोडला.

हा भाग मराठवाड्यातून आलेल्या, विहिरीवरची भांडणं पाहिलेल्या माणसांसमोर वाचून बघा. आमच्याकडे एक काका एरवी भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. 'बहिष्कार' हा शब्द आला आणि ते सरळ होऊन बसले. त्यांच्या वडिलांच्या वेळी गावानं यांच्या घरांचं दळण आणि किराणा बंद केला होता. त्यांनी ते त्या रात्री पहिल्यांदा मुलांसमोर सांगितलं. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि नऊचा नियम मी त्या एका दिवशी मोडला. इथे विचारायचा प्रश्न असा: "संघात तुम्ही असता तर हात कुणाच्या बाजूनं वर केला असता, आणि घरी येऊन काय सांगितलं असतं?"

दुसरा खंड धम्मदीक्षांचा, तो मुलांना द्या. उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, महाप्रजापती गौतमी, चांडालिका प्रकृती, अंगुलिमाल. प्रसंग छोटे आहेत, संवाद वाटून वाचता येतात. श्रावणात शाळांना सुट्ट्या अधूनमधून येतात, तेव्हा तो भाग येईल असं वेळापत्रक लावलं तर उत्तम.

तिसरा आणि चौथा खंड आला की उपस्थिती घटते. हे दरवर्षी होतं, घाबरू नका. धम्म, अधम्म, सद्धम्म असे विभाग येतात, पुढे धर्म आणि धम्म यांतला फरक, कर्म, पुनर्जन्म, अहिंसा. त्यातच गौरी-गणपतीचे दिवस येतात, बाहेर आवाज असतो, पाहुणे असतात. त्या दिवसांत वेळ अर्धा तास अलीकडे घ्या आणि पानं निम्मी करा. शेजारच्या मंडळावर टीका करण्यात चर्चेची पंधरा मिनिटं घालवू नका. मी ते होऊ दिलं आहे आणि त्या आठवड्यात पुढचं कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

अवघड शब्दांसाठी फळ्याचा एक कोपरा राखून ठेवा: अनित्य, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद, प्रज्ञा, मैत्री. शब्दापुढे व्याख्या लिहू नका, उदाहरण लिहा. प्रतीत्यसमुत्पादासाठी एका बाईंनी सांगितलं, "पोरगं शाळेत जात नाही कारण रात्री झोपत नाही, झोपत नाही कारण घरात दारू, दारू कारण काम नाही." ते उदाहरण आम्ही आजही लिहितो.

मटणाचा प्रश्न अहिंसेच्या भागात येणारच. टाळू नका. बाबासाहेबांनी तिथे तत्त्व आणि नियम यांतला फरक दाखवला आहे. नियम बांधून ठेवतो, तत्त्व निर्णय तुमच्यावर सोपवतं. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दोन परिच्छेद दोनदा वाचा आणि मग लोकांना बोलू द्या. पुनर्जन्माचंही तसंच. देह ज्या घटकांचा बनला ते घटक नष्ट होत नाहीत, ते निसर्गातल्या साठ्यात मिसळतात, पण तोच आत्मा नवा देह धरत नाही, अशी ग्रंथातली मांडणी आहे. ज्यांचं माणूस नुकतंच गेलं आहे त्यांना हा भाग जड जातो. अशी कुणी व्यक्ती सभेत असेल तर वाचनाच्या आदल्या दिवशी त्यांना घरी जाऊन सांगून ठेवा.

पाचव्या खंडात गृहस्थांसाठीचा विनय आहे: आईबाप-मुलं, नवरा-बायको, गुरू-शिष्य, मालक-नोकर. हा भाग रविवारी ठेवा आणि जोडप्यांना एकत्र यायला सांगा. सहावा खंड भराभर वाचला तरी चालतो. सातवा मात्र हळू. वैशाली सोडताना मागे वळून पाहणं, चुंदाचं भोजन, कुसिनारा, आनंदाचं रडणं. त्या संध्याकाळी चर्चा घेऊ नका. आठवा लहान आहे आणि आपोआप संपतो.

प्रश्नवही आणि रविवार

शंभर पानी साधी वही दाराजवळ, पेन दोरीनं बांधून. नाव लिहायची सक्ती नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा प्रश्न शाळकरी मुलानं त्यांच्याच शब्दांत उतरवायचा, शुद्ध करायचा नाही. रविवारी वही उघडायची. माहीत नसलेलं उत्तर ठोकून देण्याचा मोह संचालकाला फार होतो, मलाही झाला आहे. "पुढच्या रविवारी सांगते" म्हणायला शिका आणि मग खरंच भन्तेजींना, बौद्धाचार्यांना किंवा पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. वर्षावासात तीन-चार रविवारी बाहेरचे अभ्यासक बोलावले तरी पुरतं, पण त्यांना आधी वहीतले प्रश्न पाठवा. नाहीतर ते त्यांचं ठरलेलं व्याख्यान देऊन जातात आणि वही तशीच राहते.

पैसे आणि चहा

रोजचा चहा-नाश्ता ठेवू नका. एका वर्षी आम्ही घराघरांवर पाळी लावली. आठवड्यात बिस्किटांचे पोहे झाले, पोह्यांची पावभाजी. मग ज्या घरात एकच कमावणारं माणूस, त्या घरातल्या बाई पाळी जवळ आली की यायच्याच बंद झाल्या. पाणी पुरे. दानपेटीचा हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहा: श्रावणी, भाद्रपदी, अश्विनी. ग्रंथाच्या चार-पाच प्रती, मेणबत्त्या, वही-पेन, शेवटच्या दिवसाची खीर, यापलीकडे खर्च फारसा नाही.

पावसात ग्रंथाला ओल लागते. प्रतिमेसमोर उघडा ठेवण्यापेक्षा प्लॅस्टिकचं आवरण घालून कपाटात ठेवा. आणि प्रती घरी न्यायला द्या. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेल्या प्रतीपेक्षा हळदीचे डाग पडलेली प्रत मला जास्त आवडते.

दसऱ्यानंतरचे पाच दिवस

अशोक विजयादशमी अश्विन पौर्णिमेच्या पाचच दिवस आधी येते. अनेक जण नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, विहार ओस पडतो. त्यामुळे ग्रंथ विजयादशमीच्या आधी संपवा. मागे राहिलेल्यांसोबत त्या दिवशी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचा. मग उरलेल्या दिवसांत प्रस्तावना पुन्हा एकदा वाचा. भिंतीवरचे चार प्रश्न, खालच्या तारखा, आणि तीन महिन्यांपूर्वी ऐकलेलीच पानं. या वेळी ती वेगळी ऐकू येतात.

अश्विन पौर्णिमेला भिक्खूसंघात पवारणा होते. माझ्या वागण्यात काही चुकीचं दिसलं, ऐकू आलं किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती भिक्खू एकमेकांना करतात. तो विधी भिक्खूंचा आहे, आपण त्याची नक्कल करू नये. पण खिरीच्या आधी अर्धा तास आम्ही गोल बसतो आणि संचालक, वाचक, समिती एकेक करून विचारतात, "माझं काय चुकलं?" पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी एका सुनेनं सांगितलं की मी बायकांना 'तू' आणि पुरुषांना 'तुम्ही' म्हणते. खरं होतं.

चीवरदानाचा (भिक्खूंना वस्त्रदानाचा) कार्यक्रम करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा की कठिन चीवरदान वर्षावास पूर्ण केलेल्या भिक्खूंना, अश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्याभरातच होतं. तुमच्या विहारात भिक्खूंचा वर्षावास झाला नसेल तर जिथे झाला आहे तिथे सगळे मिळून जा.

दुसऱ्या दिवशी, सतरंज्या वाळत घालायच्या वेळीच, पुढच्या वर्षीचे दोन संचालक नेमा, त्यातली एक बाई. उत्तरं न मिळालेले प्रश्न नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही तिथेच लिहून ठेवा.